केलीस ना जादू, आता निस्तर

2000च्या जुलैत स्टार प्लस पुरतं हिंदी झालं आणि आमच्या साताऱ्याच्या घरातल्या टीव्हीच्या वाटण्या झाल्या. रात्री नऊचं 'कौन बनेगा करोडपती' बाबा आणि काकांचं, साडेदहाचं 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आजी, आई आणि काकूचं. बातम्या लागल्या की हॉलमध्ये कुणी शिंकायचंसुद्धा नाही. मुलांच्या वाट्याला राहिली संध्याकाळ, तीही गृहपाठ झाला असेल तर. त्या उरल्यासुरल्या वेळात त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'सोनपरी' आली आणि 2003 साली 'शरारत'. ज्यांचा जन्म नव्वदच्या आसपासचा, त्यांना या दोन नावांपुढे काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते.

'सोनपरी'तली फ्रूटी म्हणजे तन्वी हेगडे. आई वारलेली, घरात माणसं असूनही एकटी पडलेली पोर. तिच्या हाती एक जादूचा गोळा लागतो, आणि त्याच्या जोरावर सोनेरी पोशाखातली परी तिच्यासाठी धावून येते. परीसोबत सदा भुकेला अल्टू. फ्रूटी एकीला 'सोना आंटी' म्हणायची, दुसऱ्याला 'अल्टू अंकल'. अल्टू झालेले अशोक लोखंडे पुढे कितीतरी वर्षांनी 'दिया और बाती हम'मध्ये वयस्कर सासऱ्याच्या भूमिकेत दिसले, तेव्हा आईला पत्ताच लागला नाही. आम्ही भावंडांनी आवाजावरून ओळखलं आणि त्यांनी ताटावर बसल्याबरोबर काय खायला घेतलं तेच आधी पाहिलं.

परी झाली होती मृणाल कुलकर्णी, आणि तिथूनच आमच्या घरात भांडणं सुरू झाली. आमच्यासाठी ती सोना आंटी होती. आजीसाठी ती गोनीदांची नात, वीणाताई देवांची लेक आणि मुख्य म्हणजे दूरदर्शनवरच्या 'स्वामी' मालिकेतली रमा. आजीच्या कपाटात रणजित देसाईंची 'स्वामी' होती, पाठीला खाकी कागद लावलेली. तिच्या लेखी या मुलीनं रवींद्र मंकणींच्या माधवरावाशी एकदा संसार मांडला तो मांडला. पडद्यावर सोनपरी हवेतून खाली उतरली की आजी तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "थेऊरला सती गेली बिचारी. आता उडतेय तर उडू दे." आम्हाला थेऊर म्हणजे फक्त अष्टविनायकातला एक गणपती माहीत होता. तिथे 1772 साली काय झालं हे शाळेत शिकण्याआधी आम्ही सोनपरीमुळे शिकलो. पुढे 2014 साली याच मृणालताईंनी 'रमा माधव' हा चित्रपट दिग्दर्शित केला, तेव्हा आजी नव्हती. असती तर पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला गेली असती आणि परत येऊन पोशाखात चुका काढल्या असत्या.

गोळा कुठून आणायचा हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता. काकांच्या टेबलावर एक काचेचं पेपरवेट होतं. वरून गोल, बुडाला सपाट, आत निळ्या-तांबड्या पाकळ्यांचं फूल आणि त्यात अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे. एका कडेला टवका उडालेला, तिथे बोट लागलं की कापायचं. ते पेपरवेट आम्ही फ्रॉकच्या घेरावर घासघासून लख्ख केलं. दादा म्हणायचा, सपाट बुडाचा गोळा चालत नाही, म्हणून परी येत नाही. वाड्यातल्या मुली म्हणायच्या, ज्यांना आई आहे त्यांच्याकडे येतच नाही. हे दुसरं स्पष्टीकरण ऐकून धाकट्या चुलतबहिणीनं जे रडं काढलं, त्यानंतर पेपरवेट परत काकांच्या फायलींवर गेलं.

मात्र त्या वयातसुद्धा फ्रूटीबद्दल एक गोष्ट खटकायची. तिला स्वतःला काहीच येत नव्हतं. अडचण आली की गोळा, गोळा हरवला की रडारड. वाईट पऱ्या तो गोळा पळवायला टपलेल्या असायच्या आणि निम्मी मालिका त्या पळवापळवीतच जायची. जादू तिच्या हातात होती, अंगात नव्हती. मुलगी गोड होती, धीट होती, तरी जादूच्या बाबतीत ती फोन फिरवणारी गिऱ्हाईकच राहिली.

याच सुमारास 'करिश्मा का करिश्मा' आली. अमेरिकेतल्या 'स्मॉल वंडर'ची ती आपली आवृत्ती, झनक शुक्ला यंत्रमानव मुलगी झालेली. झनकचं काम चोख होतं, 2003च्या 'कल हो ना हो'मध्येही ती होती. तरी ही मालिका मला कधीच आवडली नाही आणि अजूनही आवडत नाही. करिश्माला बैल उचलता येईल एवढी ताकद, पण ती शास्त्रज्ञ बापानं बनवलेली. सांगितलेलं करायचं, शब्दशः करायचं, आणि त्यातून होणाऱ्या गोंधळावर घरानं हसायचं. घरकामाला हरकत न घेणारी मुलगी बघून आमच्या बाबांना ती फारच आवडायची, यातच काय ते आलं.

आणि मग 'शरारत'. जिया मल्होत्रा अठरा वर्षांची होते आणि तिला कळतं की आपल्यात जादू आहे. कुणी दिलेली नाही, कुठे सापडलेली नाही. आईकडून आलेली, आईला तिच्या आईकडून. श्रुती सेठ जिया, पूनम नरुला तिची आई राधा आणि फरीदा जलाल नानी. मूळ कल्पना अमेरिकेतल्या 'सॅब्रिना द टीनेज विच'शी मिळतीजुळती, हे पुढे इंटरनेट आल्यावर कळलं. तिथे सॅब्रिनाला सांभाळायला दोन मावश्या होत्या... की आत्या, इंग्रजीत ते कळत नाही. इथे मात्र नातं पक्कं होतं. आई आणि आईची आई, आणि जावयाच्या घरात येऊन राहिलेली सासू. नुसत्या एवढ्यावरच आमच्या हॉलमध्ये निम्मी करमणूक झालेली असायची. महेश ठाकूरचा वैतागलेला जावई बघून काका गालातल्या गालात हसायचे आणि काकू त्यांच्याकडे बघायची.

त्या मालिकेत जादू शिकणं कसं होतं ते सांगायला हवं, कारण आम्हाला धरून ठेवलं ते त्यानं. जियाची जादू पहिल्या झटक्यात कधी बरोबर व्हायची नाही. मैत्रिणीसाठी करायला जायची आणि मैत्रीण संकटात. कॉलेजातल्या ध्रुवला खूश करायला जायची आणि ध्रुवचं भलतंच काहीतरी होऊन बसायचं. जादू करायला पाच मिनिटं, उरलेला सगळा भाग ती निस्तरण्यात. हे 'निस्तरणं' आमच्या घरचंच होतं. दूध उतू गेलं, शाई सांडली, भावाला ढकलल्यावर त्याचा दात पडला, काहीही झालं तरी आईचं पहिलं वाक्य ठरलेलं, "केलंस ना? आता निस्तर." जियाची आई हिंदीत तेच बोलायची.

नानीची शिकवण्याची तऱ्हा अगदी वेगळी. नानीला जादू करून बघण्यातच मजा होती. नियम तिला माहीत असायचे, पण ते नातीसाठी असतात असं तिला वाटत नसे. राधा उलट: येतं सगळं, शक्यतो करायचं नाही. नानी मुद्राभिनय करत मंत्र म्हणणार, राधा नुसती भुवई चढवणार. आमची आजी ताईला पुरण शिकवायची तेव्हा हेच दोन पंथ ओट्याशी उभे राहायचे. आजी म्हणायची, "हाताला कळतं, उलथनं उभं राहिलं की झालं." आई वाटीनं डाळ, वाटीनं गूळ मोजून देणार आणि घड्याळ बघणार. ताईनं दोघींचं ऐकून जे केलं ते कढईला धरून बसलं. आजी म्हणाली, पहिलंच तर आहे. आई म्हणाली, कढई कोण घासणार? त्या आठवड्यात 'शरारत' लागली तेव्हा नानी आणि राधा कशावरून तरी भांडत होत्या आणि आमच्या हॉलमधल्या तीन बायका एकमेकींकडे न बघता टीव्हीकडे बघत होत्या.

आणखी एक गोष्ट होती, जादू लपवायची. शेजारणीला कळता कामा नये, कॉलेजात कळता कामा नये. शोमा आनंदची शेजारीण खिडकीशी घुटमळायला लागली की आम्ही श्वास रोखायचो. लहानपणी आम्हाला हा नियम मालिका लांबवायची युक्ती वाटायचा. पण वाड्यात राहणाऱ्याला यात नवल ते काय? आमच्या घरातसुद्धा बरंच काही असंच झाकलेलं होतं. काकूचंच घ्या. तिला माहेरी वडिलांनी राजदूत चालवायला शिकवली होती. लग्न होऊन सातारला आली आणि गेली ती मोटारसायकल विसरून. म्हणजे आम्हाला वाटलं विसरून. एकदा काकांना भर पावसात ताप चढला, रिक्षा मिळेना, आणि काकूनं पदर खोचून शेजारच्यांची बुलेट बाहेर काढली. पहिल्या किकला सुरू. पोवई नाक्यावरून ती काकांना मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेली ते निम्म्या गल्लीनं बघितलं. परत आल्यावर आजीनं फक्त एवढं विचारलं, "अजून काय काय येतं तुला?" काकू म्हणाली, "सांगेन हळूहळू." त्यानंतर राधा जादू करायचं टाळायला लागली की काकू सगळ्यांत मोठ्यानं हसायची. ते हसू तेव्हा कळलं नव्हतं.

आम्ही ज्या गोष्टींवर वाढलो त्यांत जादू येणारी बाई म्हणजे चेटकीण. सुधा करमरकरांनी लिटल थिएटर काढलं आणि 1959 साली 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणली, तेव्हापासून मराठी बालनाट्यांनी मुलांना कितीतरी दिलं. पण रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'चं नाव काढलं की डोळ्यांसमोर येते ती चेटकीणच. आणि ती बाईसुद्धा नव्हे: तिला गाजवलं दिलीप प्रभावळकरांनी, 2018 साली नाटक नव्यानं आलं तेव्हा वैभव मांगलेंनी. भूमिका अशी की पोरं खुर्च्यांखाली लपत. परीकथांतल्या राजकन्या तर झोपलेल्या नाहीतर कोंडलेल्या. मुलग्यांकडे 1997पासून शक्तिमान होता, मग 'शाका लाका बूम बूम'मधल्या संजूची पेन्सिल आली. संजू झालेला किंशुक वैद्य आपल्याकडचाच, त्यामुळे दादा त्याच्याविषयी घरातला असल्यासारखं बोलायचा. आम्हा मुलींनी मिळेल ते घेतलं.

जरा आडवळणाला जाते, कारण हे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या पडद्यावर दैवी पराक्रम करून दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या मुलांत एक मराठी मुलगी होती. दादासाहेब फाळक्यांची लेक मंदाकिनी. 1919च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण तीच आहे. नागाशी झुंजते, त्याच्या फण्यावर नाचते. चित्रपटाच्या सुरुवातीलाच फाळक्यांनी तिचा नुसता चेहरा दाखवला आहे, एकामागून एक भाव पालटणारा, जणू प्रेक्षकांना सांगताहेत की ही माझी मुलगी आणि हिला हे सगळं येतं. नाशिकच्या कंपनीत घरच्या मुलीला उभं करून केलेलं काम ते. फक्त मुलीला पराक्रम करायला मुलगा व्हावं लागलं, एवढंच.

आणि युक्त्याही त्याच. वस्तू गायब करायची तर कॅमेरा जागचा न हलवता थांबवायचा, माणसांनी होतं तसं थिजायचं, वस्तू उचलायची, कॅमेरा पुन्हा सुरू. फाळक्यांना हे जमत होतं, 'शरारत'वाल्यांनीही तेच केलं, वर संगणकावर चकचकीत भुकटी शिंपडली आणि किणकिण आवाज टाकला. दादानं हे फोडून सांगितल्यापासून आम्ही डोळ्यांत तेल घालून बसायचो. कुणाचा तरी पदर बोटभर सरकलेला असायचा, कपातला चहा कमी झालेला असायचा. चूक सापडली की जो ओरडेल तो जिंकला. जादूवरचा विश्वास काही त्यानं कमी झाला नाही, हे मला आजही गमतीचं वाटतं.

शेवटी शेवटी भारनियमन सुरू झालं. 'शरारत'ची ती अखेरची वर्षं आणि महाराष्ट्रात विजेची बोंब, असा योग. नेमकी जिया मंत्र म्हणायला तोंड उघडते आणि पंखा गपकन थांबतो. मग कंदील, मेणबत्ती, गॅलरीत सतरंजी. पुढे काय झालं असेल ते आजी सांगायची. आजीच्या शेवटात नानी कायम बरोबर निघायची आणि जावई तिच्या पाया पडायचा. आईच्या शेवटात जियाला आधी बोलणी बसायची, मग सगळं सुरळीत. काकू काहीच सांगायची नाही, तिला विचारलं तर म्हणायची, "तिला उडून जाऊ दे ना गं कुठेतरी." खरा शेवट दुसऱ्या दिवशी शाळेत कळायचा, कारण सदरबझारकडच्या मुलींचे दिवे वेगळ्या वेळी जायचे. पण बऱ्याचदा आजीचा शेवट खऱ्यापेक्षा चांगला असायचा, आणि आम्ही शाळेत तोच ठोकून द्यायचो.

या मालिकांचं आता कौतुक करताना डोळे मिटून घ्यायची गरज नाही. अल्टूच्या पोटावरचे विनोद आज ऐकवत नाहीत. 'सोनपरी' पुढेपुढे नुसती ताणली. 'शरारत'मध्ये जियाची निम्मी जादू एका ध्रुवपायी वाया गेली. एवढी विद्या अंगात असलेल्या मुलीला कॉलेजातल्या पोराच्या रुसव्यापलीकडे जग दिसू नये, याचा राग तेव्हाही यायचा. पॅम नावाची मत्सरी मुलगी सिंपल कौलनं छान वठवली, पण प्रत्येक भागात कुणी ना कुणी मुलगीच मुलीच्या वाईटावर का, हे कुणी विचारलं नाही. मध्येच राधाची नटी बदलली. घरातली आई बदलली तरी कुणाला काही वाटत नाही, ही जादू मात्र आम्हाला पचायला जड गेली.

तरीही माझा कौल 'शरारत'च्या बाजूनं आहे, आणि तो नुसत्या आठवणीपोटी नाही. तिच्यात खलनायक लागत नव्हता. तीन बायका एका घरात, तिघींनाही येतंय, तिघींचं मत वेगळं, एवढ्यावर कथा चालायची. मुलीच्या अंगची विद्या संकट म्हणून आलेली नव्हती, वारसा म्हणून आली होती, आणि ती शिकवायला घरातच माणूस होतं. फरीदा जलालनं तोवर सिनेमात डोळ्यांत पाणी आणणाऱ्या किती आया रंगवल्या असतील. इथे तिला खोड्या करायला मिळाल्या आणि तिनं एकही संधी सोडली नाही. म्हातारी बाई घरात आगाऊपणा करू शकते, तो तिला शोभतो आणि सगळ्यांना पुरून उरतो, हे आमच्या आजीला बघून आम्हाला माहीत होतंच. पण टीव्हीवर तोवर आजी म्हणजे देव्हारा, खोकला आणि आशीर्वाद.

आमची ताई आता पुण्यात असते, तिची मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला मी मोबाइलवर पहिला भाग लावून दिला. इफेक्ट्स बघून ती खो खो हसली, जियाचे कपडे बघून जास्त हसली. नानी आली आणि गप्प बसून बघायला लागली. तिसऱ्या भागानंतर तिनं विचारलं की पणजीला खरंच काय काय यायचं. ताईनं पुरणापासून सुरुवात केली. मी म्हटलं, आधी चुलतआजीच्या बुलेटचं सांग.

तुमच्या घरात त्या वयाची मुलगी असेल तर 'शरारत'चे सुरुवातीचे दहा-बारा भाग तिच्याबरोबर बघा, ध्रुवची रडगाणी सुरू झाली की खुशाल पुढे ढकला. आणि बघताना तिच्या आजीलाही शेजारी बसवा.